मी झाकलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुना पिवळा फिल्टर आहे. पण माझी ओळख जरा मागे ठेवू. आधी हे पाहू, की देवाप्पांना काय मिळणार होते.

देवाप्पांना एक खुर्ची मिळणार होती. खुर्ची म्हणजे नुसते लाकूड आणि वेत नव्हे. बंगळुरात यशवंतपूरच्या बाजूला एक मोठा कारखाना होता. त्याच्या फोटो खात्यात देवाप्पा सात वर्षे 'तात्पुरते' होते. दर सहा महिन्यांनी त्यांना कागदोपत्री घरी पाठवत आणि आठ दिवसांनी पुन्हा कामावर घेत. त्या आठ दिवसांतही ते येतच, कारण त्यांच्याशिवाय डार्करूममध्ये कोणाला काही सापडत नसे. ते कायम झाले असते, तर त्यांना दोन खोल्यांचे क्वार्टर मिळाले असते, आजारपणाला रजा मिळाली असती, दारावर नावाची पाटी लागली असती आणि साहेबासमोर बसता आले असते. चिकोडीकडून आलेल्या आणि सारे तारुण्य उभ्याने काढलेल्या या माणसाला यातले शेवटचेच सर्वांत मोठे वाटे.

आता मी. मी पत्त्याच्या पानापेक्षा थोडा मोठा, जिलेटिनचा पातळ, पारदर्शक तुकडा. दूरच्या एका थंड देशात माझा जन्म झाला. तिथे पिवळा रंग मिसळलेले जिलेटिन काचेवर ओतले, वाळू दिले आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखे सोलून काढले. मग कात्रीने माझे चार कोपरे ठरले. शेजारच्या काचेवर माझा भाऊ तयार होत होता. तो किरमिजी. आम्हा दोघांना एका पाकिटात घालून, मध्ये मऊ कागद ठेवून बोटीत चढवले. मद्रासला उतरलो आणि तिथून रेल्वेने बंगळूरला आलो. साल होते १९५७.

आम्हाला कशाला मागवले असेल, असे तुमच्या मनात येईल. त्या काळी फोटोचा कागद पाच जातींचा घ्यावा लागे. एखाद्या जातीवर फोटो मऊ येई, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये करड्या छटा भरपूर. दुसरीवर तो कडक येई, काळे ते काळे आणि पांढरे ते पांढरे. पाच जातींची पाच खोकी मागवली, की दोन वापरात येत आणि तीन कपाटात पडून खराब होत. मग एक नवा कागद निघाला. त्याच्यावर दोन थर असत. एक थर निळ्या उजेडाने जागा होई आणि कडक चित्र देई, दुसरा हिरव्या उजेडाने जागा होई आणि मऊ चित्र देई. मी पिवळा, मी निळा उजेड अडवतो. म्हणून माझ्यातून आलेले चित्र मऊ. माझा भाऊ हिरवा उजेड अडवतो. म्हणून त्याच्यातून आलेले चित्र कडक. एक खोके आणि आम्ही दोघे, एवढ्यात पाच खोक्यांचे काम भागे.

ही युक्ती साठ्येसाहेबांची. रत्नाकर साठ्ये हे खात्याचे प्रमुख, पुण्याचे, हुशार, घड्याळाकडे पाहत बोलणारे. फोटो खाते त्यांच्याकडे होते आणि कारखान्यातील क्रेन, साखळ्या, दोरखंड यांच्या तपासणीचे रजिस्टरही त्यांच्याकडेच होते. फोटोच्या कामात त्यांना गोडी होती. रजिस्टरवर ते नुसती सही करत.

आमचे घर म्हणजे एन्लार्जर. वर एक दुधी बल्ब, त्याच्याखाली निगेटिव्ह, त्याच्याखाली भिंग, आणि भिंगाखालच्या लहान चौकटीत मी किंवा माझा भाऊ. खाली फळीवर कागद. बल्ब लागला, की निगेटिव्हमधले इवलेसे चित्र मोठे होऊन आमच्यातून कागदावर उतरे. त्या बल्बचा स्वभाव मात्र लहरी होता. कारखान्याच्या मोठ्या मोटारी सुरू झाल्या, की विजेचा दाब पडे आणि बल्ब मंद होऊन पिवळसर दिसू लागे. मग माझ्या भावाचे कडक चित्रही मिळमिळीत येई. म्हणून कडक प्रिंट काढायचा असला, की देवाप्पा जेवणाच्या भोंग्याची वाट पाहत. भोंगा झाला, मोटारी थांबल्या, की बल्ब पुन्हा पांढरा होई. बाकी सारे डबे उघडत, तेव्हा देवाप्पा दार लावून घेत. त्यांचा डबा नेहमी गारच खाल्ला जाई.

देवाप्पा आम्हाला हात लावण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करत. घामेजलेल्या बोटाचा ठसा आमच्यावर एकदा उमटला, की तो कायमचा. ते आम्हाला फक्त कडेने धरत.

कारखान्याचे फोटो म्हणजे यंत्रांचे सुटे भाग, तुटलेल्या दांड्या, घासलेली चाके. ते काम माझ्या भावाचे. तो ओरखडासुद्धा लपवत नसे. पण साहेब लोकांनाही घरे होती, घरात माणसे होती आणि माणसांना चेहरे होते. ते काम माझ्याकडे येई. मी लावलो, की डोळ्याखालची काळी वर्तुळे करड्यात विरघळत. गालावरचे देवीचे वण पुसट होत. साठ्येसाहेबांच्या धाकट्या बहिणीचा स्थळांना पाठवायचा फोटो माझ्यातूनच निघाला आणि पहिल्याच स्थळाने होकार कळवला. प्रत्यक्ष भेटीनंतर मुलगा काय म्हणाला, ते मला कोणी सांगितले नाही.

तेव्हापासून साठ्येसाहेबांचा माझ्यावर फार विश्वास. "देवाप्पा, पिवळा लावा," हे वाक्य मी चार वर्षांत किती वेळा ऐकले, याची गणती नाही. मित्रांनो, स्तुती कोणाला आवडत नाही? माझा भाऊ पाकिटात गप्प पडलेला असे आणि मी वर चौकटीत मिरवत असे.

देवाप्पांचा स्वभावही माझ्यासारखाच होता. समोरच्याला बरे वाटेल असे बोलायचे. वर "सरी साहेब, सरी," म्हणजे कन्नडमध्ये 'बरं साहेब, बरं', आणि आत काय असेल ते आत. त्यांच्या त्या 'सरी'मुळेच त्यांना कायम करण्याची फाईल हळूहळू सरकत सरकत कारखान्याच्या बड्या साहेबांच्या टेबलापर्यंत पोचली होती.

आणि मग १९६१ सालची आयुधपूजा आली. महाराष्ट्रात तुम्ही खंडेनवमी म्हणता, तीच. पण बंगळूरच्या कारखान्यांत तिचा थाट वेगळा. त्या दिवशी एकही यंत्र चालत नाही. प्रत्येक कामगार आपापले यंत्र रॉकेलने धुतो, पुसतो, त्याला विभूती आणि कुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. दारात केळीचे खुंट बांधतात आणि कोहळा फोडतात. वर्षभर तेलात, वंगणात लडबडलेले लोखंड त्या एका दिवशी अंघोळ करून उघडे दिसते.

त्या वर्षी बड्या साहेबांनी सांगितले, की त्यांच्या खोलीत लावायला पूजेचा एक मोठा फोटो हवा. माणसांची गर्दी नको. एकच वस्तू, पण सारा कारखाना आठवला पाहिजे. साठ्येसाहेबांनी मोठ्या क्रेनचा हूक निवडला. पुरुषभर उंचीचे ते धूड, खाली वाकडे आणि वर मानेशी निमुळते. त्याला साखळ्या अडकवायचे काम परसूचे. परसू खानापूरचा, देवाप्पांना 'अण्णा' म्हणणारा, तोंडाचा फटकळ.

परसूने हूक जमिनीपर्यंत उतरवून घेतला, रॉकेलने दोनदा घासला, कोरड्या फडक्याने पुसला आणि मानेपासून टोकापर्यंत विभूती फासून पांढराशुभ्र केला. भटजींना यायला तासभर उशीर झाला, म्हणून फोटोही तासभर लांबला. त्या दिवशी काय काय बोलणे झाले, ते देवाप्पांनी नंतर डार्करूममध्ये मला आणि भिंतींना पुष्कळदा ऐकवले. परसू म्हणाला होता, "अण्णा, माझ्यापेक्षा ह्याचा फोटो बरा काढा. मला गंगव्वानं कवाच पसंत केलंय. ह्याचंच अजून जमायचंय."

"तू बाजूला हो आधी," देवाप्पा म्हणाले. "तुझी सावली पडालीया नवरदेवावर."

दुसऱ्या दिवशी परसूने हुकाला पुन्हा वंगण फासले आणि काम सुरू झाले. इकडे देवाप्पांनी निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घातली. जेवणाचा भोंगा झाला. वस्तू लोखंडी, म्हणून त्यांनी सवयीने माझ्या भावाला चौकटीत बसवले. डेव्हलपर रसायनाच्या ताटात कागदावर हळूहळू हूक उमटला. माळ आली, कुंकू आले, आणि मानेच्या पांढऱ्या विभूतीवर एक रेघ आली. बारीक, काळपट, तिरकी, करंगळीएवढी.

देवाप्पांना वाटले, निगेटिव्हवर केस पडला. त्यांनी ती मऊ ब्रशने झाडली आणि पुन्हा प्रिंट काढला. रेघ तिथेच. भिंगातून पाहिले. रेघ निगेटिव्हच्या आतच होती. ते ओला प्रिंट तसाच काचेवर घेऊन उठले आणि दार उघडले. साठ्येसाहेब प्रिंट पाहायला बाहेरच येऊन उभे होते.

"साहेब, मानेवरची ही रेघ जरा स्वल्प बघा की."

साहेबांनी पाहिले. नीट पाहिले. हे मी शपथेवर सांगतो, कारण दार उघडे होते आणि उजेड भरपूर होता.

"विभूती लावताना बोट घसरलं असेल," ते म्हणाले.

"बोट घसरलं असतं तर रुंद आली असती साहेब. ही केसासारखी आहे."

"तेलाचा ओघळ असेल मग. अहो देवाप्पा, हा पूजेचा फोटो आहे, एक्स-रे नाही. नवरीच्या फोटोत तुम्ही देवीचे वण ठेवता का?"

"न्हाई साहेब."

"मग? देवाच्या मानेवर ओरखडा कशाला? पिवळा लावा." मग घड्याळाकडे पाहून ते म्हणाले, "फोटो ज्या टेबलावर जायचाय, त्याच टेबलावर तुमची फाईल आहे. एवढं लक्षात ठेवा."

साहेब गेले आणि देवाप्पांनी ओला प्रिंट खाली ठेवला. एकदा परसूला बोलवावे, वंगण पुसून मान पाहायला सांगावे, असे त्यांच्या मनात आले असणार, कारण त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला होता. पण क्रेन थांबवायची म्हणजे साहेबांची चिठ्ठी लागते, आणि साहेब तर आत्ताच बोलून गेले होते. हात कडीवरून खाली आला.

"सरी," ते रिकाम्या खोलीत म्हणाले.

मग त्यांनी हात धुतले, भावाला काढले आणि मला बसवले.

मित्रांनो, माझे काम मी चोख केले. विभूतीचा पांढरा आणि रेघेचा काळा, दोन्ही एकमेकांच्या जवळ आणले. रेघ करडी झाली, मग फिकट करडी झाली, मग उरलीच नाही. हुकाची मान लोण्यासारखी दिसू लागली. तो फोटो चौकटीत घालून बड्या साहेबांच्या खोलीत लागला. सर्वांनी वाहवा केली. पंधरा दिवसांत फाईलवर सही झाली.

खुर्ची आली त्या दिवशी परसू पेढे मागायला डार्करूमच्या दाराशी आला. "काय अण्णा, आता बसून बोलणार आमच्यासंगं?"

"बसायला शिकालोय अजून," देवाप्पा म्हणाले. "जरा वेळ बसलं की पाय दुखतात."

दोघेही हसले. परसू निघताना देवाप्पांनी त्याला हाक मारली. तो थांबला. देवाप्पा म्हणाले, "काही न्हाई. जपून काम कर." परसूला यात काही विशेष वाटले नाही. मला वाटले.

नोव्हेंबर संपत आला असताना एका सकाळी हूक मानेतून तुटला. ओतीव लोखंडाचा एक मोठा नग खाली आला आणि परसूचा उजवा हात त्याच्याखाली सापडला. हात मनगटाच्या वरून काढावा लागला.

चौकशी बसली. क्रेन चालवणारा वरच्या केबिनमध्ये होता, त्याला खालचे दिसले नव्हते. इतर माणसे चहाला गेली होती. रजिस्टरमध्ये त्याच महिन्यात 'हूक ठीक' असे लिहून सही होती. हूक ठीक असूनही तुटला, म्हणजे वजन जास्त झाले असणार. वजन जास्त झाले, म्हणजे परसूने दोन नग एकदम अडकवले असणार. परसू इस्पितळातून सांगत होता, की नग एकच होता. पण तुटलेल्या हुकाची मान तुटताना चेपली होती आणि तिच्यावर वंगण माखलेले होते. त्यावरून छातीठोकपणे कोणी काही सांगेना. परसूवर दोष आला, की त्याची नोकरी जाणार, हे सर्वांना माहीत होते. डार्करूमलाही माहीत होते.

देवाप्पा त्या दिवसांत खुर्चीवर बसत नसत.

एका दुपारी परसूची बायको गंगव्वा आली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. तिला वाटे, डार्करूममध्ये चपला घालून जायचे नसते. म्हणून ती चपला बाहेर काढून, दारातच उभी राहून बोलली.

"अण्णा, पूजेच्या दिवशी तुमी हुकाचा फोटो काढला न्हवं? त्यात ह्यांचा हात आलाय काय?"

"हात?"

"उजवा. ह्यांचा एकबी फोटो न्हाई घरात. लग्नातबी काढला न्हाई. म्हटलं, हुकाच्या बाजूला कुठं आला असंल तर तेवढाच द्या."

देवाप्पांनी निगेटिव्ह काढून उजेडात धरली. अगदी कडेला, जिथून फोटो कापला होता तिथे, खरोखरच एक हात आला होता. विभूतीचे ताट धरलेला परसूचा उजवा हात.

त्यांनी गंगव्वाला बाकावर बसवले आणि आत येऊन मला चौकटीत बसवले. माणसाचा हात होता, म्हणून मी. प्रिंट झाला. हात सुरेख आला होता. कातडी तलम, बोटे मऊ, जणू एखाद्या कारकुनाचा हात.

गंगव्वाने तो प्रिंट उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"हा ह्यांचा न्हवं."

"त्याचाच आहे अक्का. तिथं दुसरं कोणी नव्हतं."

"न्हवं अण्णा. ह्यांच्या हातावर साखळीच्या चिरा हुत्या. हितं एक, अंगठ्यापाशी दोन. रोज रात्री मी खोबरेल चोळत हुते, मला ठावं न्हाई?" तिने प्रिंट परत दिला. "ह्यो कुणा साहेबाचा हात दिसालाय."

मित्रांनो, माझ्या जन्मात मला नको म्हणणारे हे पहिले माणूस.

देवाप्पा आत आले. जेवणाचा भोंगा व्हायला अवकाश होता, तोवर ते नळ सोडून उगाच हात धूत राहिले. भोंगा झाला. बल्ब पांढरा झाला. त्यांनी मला कडेने धरून बाहेर काढले आणि माझ्या भावाला बसवले. निगेटिव्ह मुळीच न कापता, पूर्ण, मोठ्या कागदावर टाकली.

ताटात आधी हात उमटला. काळाकभिन्न, शिरा तटतटलेल्या, अंगठ्यापाशी दोन चिरा, मनगटावर एक. आणि त्या हाताच्या वर, वीतभर अंतरावर, हुकाच्या मानेवरची ती रेघ. दोन्ही एकाच कागदावर.

मग देवाप्पांनी लाल उजेडात तसेच तीन प्रिंट काढले.

गंगव्वाने आपला प्रिंट पाहिला, चिरांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "आत्ता दिसाले बगा." रेघेकडे तिचे लक्षही गेले नाही.

दुसऱ्या दिवशी साठ्येसाहेब डार्करूममध्ये आले आणि त्यांनी स्वतःच दार लावले.

"देवाप्पा, पूजेची निगेटिव्ह द्या माझ्याकडे."

"कशाला साहेब?"

"तुमच्याच भल्यासाठी. रेघ तुम्ही पाहिलीत, तुम्हीच झाकलीत. कागद बाहेर आला तर खुर्ची तुमची जाईल."

"तुम्हीपण पाहिली होती साहेब."

"फोटोच्या मागे शिक्का कोणाचा आहे? तुमचा. मी काय म्हणालो होतो, त्याचा फोटो कोणी काढला नव्हता." त्यांचा आवाज खाली आला. "सात वर्षं काढलीत हो. आता दोन खोल्या मिळाल्यात. घरच्यांचा विचार करा."

मला वाटले, आता 'सरी' येणार.

"निगेटिव्ह चौकशीवाल्यांकडं आहे साहेब," ते म्हणाले. "सकाळीच देऊन आलो. दोन प्रिंटसह."

चौकशीचे तिघे अधिकारी दोन दिवसांनी डार्करूममध्येच आले. प्रिंट बनावट तर नाही ना, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. साठ्येसाहेबही आले. एवढ्या लहान खोलीत पाच माणसे, आणि लाल उजेडात सर्वांचे चेहरे सारखेच दिसत होते. देवाप्पांनी एकच निगेटिव्ह दोनदा टाकली. एकदा मी, एकदा माझा भाऊ. ताटात दोन हूक शेजारी शेजारी उमटले. एकाची मान लोण्यासारखी, दुसऱ्याची तडकलेली.

तिघांतले वयस्कर अधिकारी वाकून पाहत होते. ते कन्नडमध्ये हळूच म्हणाले, "रॉकेलने धुतला. पुसला. वर पांढरी भुकटी लावली. तासभर थांबले. आत मुरलेले तेल भेगेतून वर आले आणि भुकटीवर रेघ उमटली. भेग शोधण्याची रीत हीच तर आहे." मग ते साठ्येसाहेबांकडे वळले. "तुम्ही शिकला असाल कॉलेजात."

साठ्येसाहेब लाल दिव्याकडे पाहत होते. वर्षभर न झालेली तपासणी पूजेने करून दिली होती. परसूने स्वतःच्या हाताने केली होती. आणि तिचा निकाल हातात आल्यावर आम्ही तो सुंदर केला होता.

"बड्या साहेबांच्या खोलीतला फोटो असा मऊ का?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"मी पिवळा लावला," देवाप्पा म्हणाले.

"रेघ दिसली होती?"

"दिसली होती."

"पिवळा लावायला कोणी सांगितले?"

देवाप्पांनी साठ्येसाहेबांकडे पाहिले. साहेबांच्या कपाळावर घाम होता.

"लावणारा हात माझा होता साहेब," देवाप्पा म्हणाले.

मित्रांनो, या एका वाक्यासाठी मी अजून त्यांच्यावर नाराज आहे. लोक त्याला मोठेपणा म्हणतील. मी चार वर्षे त्यांच्या हातात काढली आहेत. मला तो मोठेपणा वाटला नाही. ती जन्माची सवय होती, समोरच्याचा चेहरा मऊ करून दाखवायची. हुकावरचा पिवळा त्यांनी काढला आणि साहेबांवर लावला.

निकाल लागला. भेग जुनी, परसू निर्दोष. डाव्या हाताने जमेल असे काम म्हणून त्याला कचेरीत फाईली पोचवायला ठेवले. देवाप्पांना पुन्हा तात्पुरते केले, आणि तेही डार्करूममध्ये नव्हे, गोदामात. जाताना त्यांनी आम्हा दोघांना मऊ कागदात गुंडाळून डब्यात ठेवले. डब्यावर लिहिले, 'कडेने धरणे'.

त्यांच्या जागी नवा माणूस आला. त्याच्याबरोबर नवा एन्लार्जर आला. त्यात बल्ब नाही, निळसर पांढऱ्या उजेडाची वळवलेली नळी आहे. तो उजेड गार असतो आणि आमच्याशी त्याचे जमत नाही. आमचा तो परदेशी कागदही पुढे मिळेनासा झाला आणि पुन्हा पाच खोकी आली, त्यातली तीन खराब होऊ लागली. मग एकदा कोणीतरी डबा उघडून पाहिला आणि खिडकीशी तसाच टाकला. दोन उन्हाळे आमच्यावर ऊन पडले. भावाचा किरमिजी रंग पार उडाला. माझ्यावर कोणाच्या तरी अंगठ्याचा ठसा आहे. आता १९६९ साल चालू आहे.

म्हणून माझे तुमच्याकडे मागणे आहे. आमच्यासारख्या नाजूक वस्तू उन्हात टाकू नका, घामेजल्या बोटांनी धरू नका. एवढे तर तुम्ही कराल. दुसरे मागणे अवघड आहे. आईच्या, बहिणीच्या, मित्राच्या चेहऱ्यासाठी मला खुशाल वापरा. त्यात कोणाचे काही जात नाही. पण ज्या वस्तूच्या खाली माणूस उभा राहणार आहे, तिच्यासाठी माझ्या भावाला शोधा. आणि कोणी मोठ्या माणसाने "पिवळा लावा" म्हटले, तर निदान ते मोठ्याने, चार माणसांत म्हणायला लावा.

शेवटी कोणी काय दिले, ते सांगतो. हुकाने काही दिले नाही, दुसऱ्या महिन्यात नवा हूक आला. साठ्येसाहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर. देवाप्पांनी खुर्ची आणि दोन खोल्या दिल्या. परसूने हात दिला. तो अजून कधी कधी फाईल घेऊन इकडे येतो. अंगात धुतलेला सदरा असतो आणि सगळी बटणे नीट लावलेली असतात. ती सकाळी गंगव्वा लावते. भाकरीचा तुकडा मोडून देते, धोतर नेसवते, आणि मग दिवसभर अगरबत्त्या वळायला बसते. रात्री खोबरेल चोळायला आता एकच हात उरला आहे. चौकशीच्या कागदांत सर्वांची नावे आहेत. तिचे नाही.